विटांचा ओटा आणि भिवंडीची गॅरेजं

वज्रेश्वरीला जाऊन आलो म्हटल्यावर गावात जो तो विचारतो, दर्शन नीट झालं का. झालं. पण त्याआधी भिवंडीतल्या गॅरेजांचं दर्शन झालं, आणि लांबलं ते तेच. बसचं घर करून हिंडायचं कुणाच्या डोक्यात असेल तर त्यानं आधी हे वाचावं आणि मग काय तो मूर्खपणा करावा.

मी फलटणकडचा. चौथी शिकलो आणि पिठाची गिरणी चालवली. गिरणी पोराच्या हातात दिल्यावर शाळेची एक जुनी बस लिलावात घेतली. बाकडी काढून दोन पलंग टाकले, पाण्याची टाकी बसवली, पंखे लावले. बायकोचं नाव हौसा. तिची एकच अट होती, ओटा पक्का पाहिजे. सुतारानं फळीचा ओटा दाखवला तर म्हणाली, "फळीला वाळवी लागते, पत्र्याचा आवाज येतो. मला विटांचा बांधून द्या." बसमध्ये विटांचा ओटा कुणी बांधत नाही हे गवंड्यालाही कळत होतं. पण गवंडी तिच्या माहेरचा. त्यानं बांधला, वर कडाप्पा घातला. ड्रायव्हरच्या मागं जिथं बांधला तिथं बसच्या तळाला एक लोखंडी झाकण होतं. "ह्यातून वाफ येती, उंदीर शिरतील," असं म्हणून तिनं ते ओट्याखाली बुजवून घेतलं. ते झाकण कशासाठी असतं हे आम्हा तिघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

बस अंगणात उभी असतानाच ती त्यात स्वयंपाक करायला लागली. घरात गॅस असताना बसमध्ये भाकरी थापायची. विचारलं तर म्हणायची, हाताला सवय लावून घेते. तिचे गुडघे धरायचे, म्हणून पहिली फेरी वज्रेश्वरीची, तिथल्या गरम कुंडात पाय बुडवायचे, हे ठरलेलं. फेरी निघायच्या आधीच ती गेली. छातीत कळ आली आणि तालुक्याला पोचेपर्यंत संपलं.

पोरगा म्हणाला, बस विकून टाकू. मी म्हणालो, तू तुझी गिरणी बघ. वर्षभर माझी भाजीभाकरी मी त्याच ओट्यावर करून खाल्ली. वर्षश्राद्ध उरकलं आणि मी एकटा निघालो.

अंजूर फाटा

घाट उतरला, पनवेल गेलं, मुंब्र्याचा डोंगर गेला. ते सगळं सांगत बसत नाही, रस्ता आहे आणि गाड्या आहेत. अंजूर फाट्याच्या अलीकडं तिसरा गिअर टिकेना. टाकला की सुटायचा, आणि सुटताना आतून हाडं मोडल्यासारखा आवाज. मागं कंटेनरवाले भोंगे वाजवत होते. आमच्याकडं गाडी बंद पडली तर चार माणसं ढकलायला येतात. इथं चारशे गाड्या मागं थांबून शिव्या देतात. कशीबशी एका गोदामाच्या भिंतीकडंला घेतली.

गोदामाच्या जागेचा मालक बाहेर आला. अंगात पांढरा बनियन, गळ्यात जाड साखळी, खुर्ची स्वतःच उचलून आणलेली. नाव जनार्दन.

"काय झाला, दादा? माल भरायला आलाव का खाली करायला?"

"माल नाही. हे माझं घर आहे."

तो आत चढला. सगळं बघितलं, पलंग दाबून बघितला, मग ओट्यापाशी थांबून त्यानं बोटानं टकटक केलं.

"हा तं इटांचा हाय."

"होय."

"कोनी बांधला?"

"बायकोच्या माहेरच्या गवंड्यानं."

"मंग बरोबर हाय," म्हणाला, आणि पुढं काही विचारलं नाही. समजूतदार माणूस.

गाडी तिथंच राहू दे म्हणाला. संध्याकाळी त्याच्या घरून ताट आलं. तांदळाची भाकर आणि निवट्यांचं कालवण. भाकर पांढरी, मऊ, धुतलेल्या फडक्यासारखी हातात लोंबणारी. आमच्या ज्वारीच्या भाकरीला दात लावायला लागतो, ही आपली आपण पोटात जाते. जेवलो की नाही तेच कळत नाही. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. डोळे डोक्याच्या वर.

मी म्हणालो, "हा बघतोय माझ्याकडं."

"तं तुम्ही नका बगू त्याच्याकडं," जनार्दन म्हणाला.

चव चांगली होती. कालवण तिखट होतं म्हणून बरं, नाहीतर भाकरीबरोबर झोपच लागली असती.

जेवताना मी विचारलं, भरवशाचं गॅरेज कुठलं. तो हसला. "हिते गॅरेजला काय तोटा? सगला भात जाऊन गोदामा झाली, गोदामांना गाड्या आल्या, गाड्यांना गॅरेज. पन तुमची ही गाडी कोन घेल, ता मना सांगता यायचा न्हाय."

त्याचं खरं झालं. पहिला मिस्त्री बायपासवर, तिथवर बस दुसऱ्या गिअरवर नेली. आत डोकावला आणि म्हणाला, "चाचा, ये गाडी है के मकान?"

"दोन्ही."

"तो आधा काम मेरा है, आधा किसी और का. पहले वो आधा हटा के लाओ."

शेजारी बसच्या बॉड्या बांधणारा होता. तो म्हणाला, सीट असती तर काढली असती, विटा आमच्यात येत नाहीत, गवंडी बघा. नाक्यावर मजूर उभे राहतात तिथं जाऊन गवंडी गाठला. तो म्हणाला, चाकं असलेल्या जागेवर आपण काम करत नाही, उद्या तडा गेला तर बोलणी कुणी खायची. वेल्डिंगवाल्यानं गॅसची टाकी बघितली आणि रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. तिथूनच बोलला. स्प्रिंगचे पाटे बसवणारा निराळा, रेडिएटरवाला निराळा, वायरिंगवाला निराळा, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या दुकानाकडं बोट करणारा. आमच्याकडं फिटर एकच. तोच मोटर भरतो, तोच ट्रॅक्टर खोलतो, लग्नात जनरेटरपाशी तोच बसतो. पुष्कळदा चुकतो. पण चुकला की त्याच्या दारात जाऊन शिव्या देता येतात. इथं शिव्या कुणाला द्यायच्या तेच ठरेना.

धामणकर नाका

गोदामावरच्या एका ड्रायव्हरनं धामणकर नाक्याजवळच्या एका शेठचं नाव सांगितलं. मोठं काम करतो म्हणे. तिथल्या गर्दीत बस नेणं शक्य नव्हतं, शेअर रिक्षानं गेलो. चौघांच्या रिक्षात सहा जण. माझा एक पाय बाहेर, तो परत येईपर्यंत माझाच राहील का याची शंका. नाक्याच्या आतल्या गल्ल्यांत कापडाचे लूम चालू होते. मी जन्मभर गिरणीच्या आवाजात काढला. एक पट्टा सैल झाला तरी पाठमोरा असताना मला कळायचं. इथं गल्लीच्या गल्ल्या एकदम खडखडतात. आत माणसं एकमेकांशी काय बोलत असतील ते बोलत असतील, मला रिक्षावाल्याचं ऐकू येईना.

शेठ मराठी. काचेची केबिन, थंडगार हवा, थंड बाटली माझ्यापुढं ठेवली. माझं सगळं ऐकून घेतलं.

मी म्हणालो, "एकच सांगतो. ओट्याला हात लागता कामा नये."

"काका, टेन्शनच नका घेऊ. गिअरबॉक्स आपण खालून उतरवतो. ओट्याला बोटसुद्धा लागणार नाही. आईशप्पथ."

इतक्या लोकांनी नाही म्हटल्यावर एकजण हो म्हणाला, तर मी त्याच्या आईवर विश्वास ठेवला.

त्याची माणसं दुसऱ्या दिवशी अंजूरला आली. तिघं. एक गाडीखाली गेला, एक फोनवर बोलत राहिला, तिसरा माझ्या पलंगावर आडवा झाला. मी पाणी भरून परत येतो तर ओट्यावर पाना. ग्रीसमध्ये माखलेला, कडाप्प्यावर मधोमध.

"उचल."

"काका, पुसून देतो ना."

"उचल म्हणतो."

त्यानं उचलला. कपडा मागितला, मी दिला नाही. कडाप्पा मीच माझ्या सदऱ्यानं पुसला. फोनवरचा फोनमध्येच म्हणाला, "इतना तो मेरी बीवी भी नहीं चिल्लाती."

चहा यायच्या आत काम झालं म्हणाले. मला तिथंच संशय यायला पाहिजे होता. गिरणीचं जातं टाकायला, म्हणजे त्याच्या दगडाला टाके घालायला, सुद्धा याहून वेळ लागतो. पण त्यांनी फाट्यापर्यंत चक्कर मारून दाखवली, तिसरा गिअर टिकला. जनार्दन नको म्हणत होता. "एक दिवस थांबा, हितल्या हिते फिरवून बगा," म्हणाला. मी ऐकलं नाही. सकाळी वज्रेश्वरीकडं निघालो.

वाड्याचा रस्ता

गाव संपून वाडा तालुक्याकडच्या रस्त्याला लागलो आणि एका खड्ड्यात गाडी आपटली. फट्‌ करून गिअरचा दांडा माझ्या गुडघ्यावर बसला. डोळ्यापुढं काजवे. गाडी बाजूला घेऊन दांड्याभोवतीचं रबर वर उचललं, तर खाली सायकलच्या ट्यूबची पट्टी. दांडा तिसऱ्यातून सुटू नये म्हणून ट्यूबनं ओढून सीटच्या पायाला बांधला होता. तुटली होती. हे यांचं मोठं काम.

शेठला फोन लावला. "काका, ती वेगळी कंप्लेंट आहे," तो म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन दिवसभर दुसऱ्या कुणाशी तरी चालू होता.

दुसऱ्या गिअरवर कण्हत कण्हत पुढं निघालो. बैलगाडी असती तर तिनंही मागं टाकलं असतं. पुढं एका आवारात चारपाच ट्रक उभे दिसले, पत्र्याची शेड, आणि झाडाखाली खाटा टाकून ड्रायव्हर लोक स्टोव्हवर भात शिजवत बसलेले. आत वळवली. शेडमधून एक जाडजूड म्हातारा बाहेर आला, हातात अर्धी खाल्लेली काकडी.

"बंद कर. बंद कर ती. कानात किडं पडलं."

हा काशिनाथ मिस्त्री. आतल्या बाजूच्या खेड्यातला शेतकरी, आवार स्वतःचं, बोलणं माझ्याहून वाईट. काकडी संपवून गाडीखाली गेला. बराच वेळ आला नाही. आला तो विचारत, "झाकन कुठं हाय?"

"कसलं झाकण?"

"गिअरबॉक्सच्या वरचं. हर गाडीला असतंय."

मी ओट्याकडं बोट केलं. तो आत चढला, वाकून बघितलं, सरळ झाला.

"त्याच्यावर विटा बांधल्या?"

"होय."

"बांधनारा कुठं हाय?"

"फलटणला."

"वाचला," मिस्त्री म्हणाला. "ओटा फोडाय लागल."

मी म्हणालो, ओटा फुटणार नाही. खालून काम होतं असं मला एकानं सांगितलंय.

"खालून अर्धं व्हतंय. वरचं बोल्ट कोन काढील, त्यो ट्यूबवाला? ओटा न्हाय फोडला तर गाडी व्हनार न्हाय. रस्ता मोकळा हाय, जा दुसऱ्यात." आणि जेवायला निघून गेला.

मी बसच्या पायरीवर बसलो. मला इतका राग आला होता की भूक मेली. चाळीस वर्षांचा संसार एका बाजूला आणि दोन बोल्ट एका बाजूला. खाटेवरून एक ड्रायव्हर उठून आला, मध्य प्रदेशचा, छोटेलाल नाव. न विचारता भाताची ताटली माझ्या मांडीवर ठेवली.

"बुड्ढा गाली बहुत देता है, चाचा. पर मैं अपनी गाडी इधर छोड के घर हो आया. बेटी की शादी थी. वापस आया तो टाकी का डीजल उतना ही था."

"आणि काम?"

"काम नहीं हुआ था," तो म्हणाला. "बोला, पार्ट मिला नहीं, तो क्या झूठ का करता."

हे ऐकून मी भात खाल्ला. भिवंडीत आल्यापासून काम झालं नाही असं सांगणारा माणूस मला पहिल्यांदा कळला होता.

मिस्त्री परत आला तो तोंड पुसत. पुन्हा आत चढला आणि हातातली बॅटरी ओट्यावर ठेवायला गेला. मी ओरडलो. ओरडायचं ठरवलं नव्हतं, आवाजच निघाला. त्यानं हात वरच्या वर धरला. माझ्याकडं बघितलं, मग ओट्याकडं. कडाप्प्याच्या मागं भिंतीवर हौसानं दिवाळीला लावलेली हळदीकुंकवाची बोटं होती, सुकून काळी पडलेली.

"बायकू कवा गेली?"

"वर्ष झालं."

तो खाली उतरला. एका ट्रकच्या काचेकडं हात केला. "ती गाडी कामाला आली तवा तिच्यात देवाचा फोटो व्हता, हार व्हता, लिंबू व्हता. हितं कायदा हाय. देव डायवरनी सोता उतरवायचा. आमचं हात ग्रीसचं, आमी लावत न्हाय. डायवर उतरवतो, आपल्या खाटंवर ठेवतो, मंग आमी पाना लावतो." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमचा बी तुमीच उतरवा. हातोडा देतो. मी आत येनार न्हाय, माजा मानूस बी येनार न्हाय."

"आणि नाही उतरवला तर?"

"तर बसा हितं. जागा मोप हाय. भाडं घेत न्हाय मी."

मी तो दिवस बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हातोडा मागून घेतला.

कडाप्पा उचलायला मी छोटेलालला हाक मारली. तो पायात चपला न घालता चढला, मी सांगितलं नव्हतं. कडाप्पा अख्खा निघाला, खाटेवर गोधडी टाकून तिच्यावर ठेवला. मग विटा. माहेरच्या गवंड्यानं सिमेंट कमी घातलं नव्हतं. प्रत्येक विटेला घाम निघाला. फटीत मोहरी सापडली, तिच्या हातून सांडलेली. ती बसभर घरंगळली आणि मी गुडघ्यावर बसून वेचत राहिलो, आणि बाहेरून मिस्त्री ओरडला, "झोपलाव काय आत?" मी त्याला शिवी दिली. त्यानं परत दिली. बरं वाटलं.

खाली झाकण होतं. कोरं करकरीत, शाळेच्या बसचा पिवळा रंग अजून तसाच.

वज्रेश्वरी

गिअरबॉक्स उतरला. तिसऱ्या गिअरचे दात खाल्लेले मिस्त्रीनं मला हातात देऊन दाखवले. पार्ट आणायला माणूस धाडला आणि मला म्हणाला, "आता हितं बसून माजं डोकं खाऊ नका. देवीला जाऊन या."

घरातून निघाल्यापासून मी बस सोडून रात्र काढली नव्हती. नाक्यावर गेलो होतो ते तेवढ्यापुरतं. इथं आतलं सगळं उघडं पडलेलं, दाराला कुलूप लावून उपयोग नाही, झाकणाच्या भोकातून माणूस आत येईल. किल्ली मिस्त्रीच्या हातात दिली आणि रस्त्यावर जाऊन एसटीला हात केला.

देवीच्या पायऱ्या चढलो, दर्शन घेतलं. मग कुंडावर गेलो. गर्दी, ओले कपडे, साबणाच्या वड्यांचे कागद. पाय घातला आणि काढला. चहा करता येईल इतकं पाणी गरम. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "एकदम घालू नये, बाबा. आधी अंगठा भिजवायचा, मंग पाऊल. देवाचं पानी हाय, बालदीतलं न्हाय." तिचं ऐकलं. थोड्या वेळानं पोटऱ्यांपर्यंत पाय गेले. मग दिसलं की बायकांची बाजू निराळी, भिंतीपलीकडं. म्हणजे हौसा आली असती तरी पलीकडं गेली असती, आणि मी चपला राखत बाहेर बसलो असतो. एवढ्यासाठी वर्षभर मी मनात काय काय चित्रं काढली होती.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. एक बाई सुनेला घेऊन आली, म्हणाली, "बाबा, जरा चपलांकडं बघाल का?" म्हटलं, बघतो. तिच्या पाठोपाठ आणखी दोघी ठेवून गेल्या. वर त्यांतली एक परत येताना म्हणाली, माझी पिशवीपण होती ना इथं. नव्हती. तिच्या खांद्यालाच होती. मी तसं सांगितलं तर उलट माझ्यावरच डाफरली. रात्र धर्मशाळेत काढली, ढेकणांबरोबर.

मोजमाप

परत आलो तेव्हा गिअरबॉक्स बसवला होता. मिस्त्री मला शेजारी बसवून अंबाडीपर्यंत घेऊन गेला, तिसऱ्यात, आणि मुद्दाम प्रत्येक खड्ड्यात घातली. दांडा हलला नाही. बसमधली एक वस्तू इकडची तिकडं झाली नव्हती. वेचलेल्या मोहरीची पुडी मी खिडकीत विसरलो होतो, ती तिथंच.

झाकण आता उघडं राहायला पाहिजे होतं. म्हणून विटांऐवजी लोखंडी अँगलचा सांगाडा करायचा, वर तोच कडाप्पा, आणि सांगाडा चार नटांवर, काढला की निघेल असा. मिस्त्रीनं वेल्डिंगवाला बोलावला. गॅसची टाकी मीच आधी लांब नेऊन ठेवली. त्यानं फीत काढली आणि विचारलं, "हाइट किती ठेवू?"

जुना ओटा तिच्या मापानं होता. ती माझ्या खांद्याला लागायची. गवंड्यानं तिला उभं करून कोपराखाली वीतभर सोडून खूण केली होती. वर्षभर मी त्यावर वाकून भाजी चिरत होतो, आणि रात्री कमरेला बाम लावत होतो, आणि ओटा बुटका आहे हे एकदाही मनात आलं नव्हतं. कंबर म्हातारी झाली एवढंच वाटायचं.

"व्हता तेवढाच ठेवा की," मिस्त्री म्हणाला. त्याच्या तोंडून इतकं मऊ मी पहिल्यांदा ऐकलं.

"सैपाक कोण करणार आहे?" मी विचारलं.

"तुमी."

"मग मला माप."

वेल्डरनं फीत माझ्या कोपराला लावली. सांगाडा त्याच दिवशी झाला. कडाप्पा मी आणि छोटेलालनं चढवला. त्यावर मी भात टाकला, चौघांना पुरेल असा. मिस्त्री पायरीवर बसून जेवला, आत आला नाही. भातात मीठ कमी आहे म्हणाला. कमीच होतं.

येताना अंजूरला थांबून जनार्दनला झाकण दाखवलं. त्यानं ते उघडून बंद करून बघितलं. "आता उंदीर शिरतील," म्हणाला.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. लोक विचारतात, परमुलखात गॅरेज कसं ओळखायचं. मला ओळखता आलं नाही. थंड बाटली देणाऱ्याकडं जाऊ नका आणि तुम्हाला आवडेल ते बोलणाऱ्याकडं तर मुळीच नको, एवढं सांगतो. ज्या आवारात ड्रायव्हर गाडी सोडून घरी जाऊन येतात तिथं जा, शिव्या खा. आणि बसमध्ये काही बांधणार असाल तर खाली झाकण आहे का ते बघून घ्या.

बस अंगणात आहे. सुनेनं नको म्हटलं तरी सकाळचा चहा मी तिथंच करतो. पोरानं परवा विचारलं, आबा, हल्ली बाम मागत नाही तुम्ही. मी म्हटलं, कंबर दुखायची राहिली. आणि त्याच्यावर उगाच खेकसलो. तो गिरणीकडं गेला. वर्षभर दुखत होती, ती तिच्या मापाच्या ओट्यानं दुखत होती. आता दुखत नाही, आणि याचा मला रोज सकाळी राग येतो.